इथेनॉलमुक्त पेट्रोल: आधी तपासा, मग भरा, मग गाडीला शिकू द्या

इथेनॉलमुक्त पेट्रोल हाताला लागलं की बहुतेक जण टाकी जवळपास कोरडी पाडतात, नवं पेट्रोल काठोकाठ भरतात, बॅटरीची वायर काढून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ‘रीसेट’ करतात आणि दोन दिवसांनी डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा बघून निकाल लावून मोकळे होतात. यातलं प्रत्येक पाऊल चुकीचं आहे. त्यातली दोन गाडीला त्रास देतात आणि दोन तुमची फसगत करतात.

खाली ई-० म्हणजे इथेनॉल अजिबात नसलेलं पेट्रोल, ई-१० म्हणजे १० टक्क्यांपर्यंत आणि ई-२० म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. चौथा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो वगळतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

## टप्पा १: तुमच्या गाडीला याची गरज आहे का?

इंधनाच्या झाकणाची आतली बाजू आणि गाडीचं पुस्तक, या दोन जागा बघा. तिथे ई-१० किंवा ई-२० चालतं असं लिहिलेलं असेल आणि गाडी रोज फिरत असेल, तर ई-० भरून इंजिनाचं आयुष्य वाढणार नाही. त्या गाडीच्या नळ्या, ओ-रिंगा, पंप आणि इंजेक्टर त्या मिश्रणासाठीच बनवलेले असतात.

खरा उपयोग तीन ठिकाणी होतो. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्या, बहुतेक वेळ विजेवर धावणाऱ्या आणि त्यामुळे टाकीतलं पेट्रोल संपतच नाही अशा प्लग-इन हायब्रिड, आणि बाजारात मिळणाऱ्या मिश्रणासाठी मान्यता नसलेल्या गाड्या. इतरांना अ‍ॅव्हरेज थोडं वाढलेलं दिसेल, पण ते किती ते सातव्या टप्प्यात मोजूनच ठरवा.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हवर काजळी साचते, ती ई-० ने कमी होत नाही. त्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहतच नाही, मग त्यात इथेनॉल असो वा नसो.

## टप्पा २: ऑक्टेन जुळवा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. ‘इथेनॉल नाही’ म्हणजे ‘उंची पेट्रोल’ असं लोक धरून चालतात. ऑक्टेन म्हणजे ठोका (इंधन अवेळी पेटणं) टाळण्याची पेट्रोलची क्षमता, आणि आरओएन हे तिचं एक माप. इथेनॉलचा आरओएन सुमारे १०८ असतो, म्हणजे मिश्रणात ऑक्टेन वर नेण्याचं काम तेच करत असतं. ते काढलं की ती उणीव दुसऱ्या घटकांनी भरून काढावी लागते. काही ई-० पेट्रोलमध्ये ती भरलेली असते, काहींत नसते. त्यामुळे ऑक्टेनचा आकडा वाचल्याशिवाय नोझलला हात लावू नका.

आकडा वाचताना पट्टी कोणती आहे तेही बघा. काही ठिकाणी आरओएन छापतात, तर काही ठिकाणी आरओएन आणि एमओएन (जास्त कडक चाचणीतलं ऑक्टेन) यांची सरासरी, म्हणजे एकेआय. ९१ आरओएन म्हणजे साधारण ८७ एकेआय आणि ९५ आरओएन म्हणजे साधारण ९० ते ९१ एकेआय. पुस्तकात ९५ आरओएन मागितलंय आणि पंपावर ९१ एकेआय लिहिलंय, तर ते कमी नाही. उलट, ९५ आरओएन मागणाऱ्या गाडीत ९१ आरओएन भरलं तर ते खरोखरच कमी आहे. पुस्तकात ‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे दोन आकडे असतील, तर टर्बो गाडीने शिफारशीचाच धरावा.

कमी ऑक्टेनचं पेट्रोल गेलं तर आधुनिक गाडी लगेच खडखडत नाही. नॉक सेन्सर ठोका ओळखतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकतं. तुम्हाला जाणवतं ते इतकंच की पिकअप बसला आणि चढावर गाडी जड वाटते. उशिरा पडलेल्या ठिणगीमुळे एक्झॉस्ट जास्त तापतो आणि इथेनॉल काढून मिळवलेलं अ‍ॅव्हरेज तिथेच खर्ची पडतं.

टर्बो आणि थेट फवारणी असलेल्या इंजिनांसाठी एक बारकावा आहे. वाफ होताना इथेनॉल, वजनागणिक, पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषतं. सिलिंडरमधली हवा त्यामुळे थंड होते आणि ठोका लांबतो. म्हणून आकडा तोच असला, तरी भर उन्हात भरल्या गाडीने चढ चढताना ई-० वर ईसीयू ठिणगी थोडी उशिरा टाकू शकतं. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर एक्सलरेटर दाबून गाडी ओढायला लावू नका. एक गिअर उतरा.

> थांबा. ‘इथेनॉल नाही ना, मग झालं’ म्हणून विमानाचं १००एलएल किंवा शिसं असलेलं रेसिंगचं पेट्रोल रस्त्यावरच्या गाडीत भरू नका. १००एलएलमध्ये टेट्राएथिल लेड असतं. ते ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) दोन्ही निकामी करतं आणि ते धुऊन निघत नाही.

## टप्पा ३: पेट्रोल खरंच इथेनॉलमुक्त आहे का?

‘प्रीमियम’ या शब्दावरून काहीच कळत नाही. ‘ई-५’ या खुणेचा अर्थही ‘५ टक्क्यांपर्यंत’ असा आहे, म्हणजे त्यात शून्यही असू शकतं आणि पाचही. खात्री हवी असेल तर पाण्याची चाचणी करा. तिला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

साहित्य: १०० मिलीची अरुंद, झाकणाची काचेची मोजनळी, ड्रॉपर, पाणी, खाण्याच्या रंगाचा एक थेंब, नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. पारदर्शक कडक प्लास्टिकचा पेला वापरू नका. तो बहुधा पॉलिस्टायरिनचा असतो आणि पेट्रोलमध्ये विरघळतो.

१. उघड्यावर, सावलीत, ठिणगी किंवा ज्योत जवळपास नसेल अशी जागा निवडा.

२. मोजनळीत बरोबर १० मिली पाणी घ्या. शेवटचे थेंब ड्रॉपरने टाका. पाण्याची वरची कड काचेपाशी किंचित चढलेली दिसते, म्हणून तळाची वाक धरून आकडा वाचा. मग रंगाचा थेंब टाका.

३. १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल भरा. म्हणजे पेट्रोल ९० मिली झालं.

४. झाकण लावून नळी सावकाश दहा-बारा वेळा उलटी-सुलटी करा. दर तीन-चार वेळा नळी सरळ धरून झाकण हलकेच सैल करा, कारण आत वाफेचा दाब तयार होतो. जोरजोरात घुसळलंत तर फेसाळ थर बनतो आणि रेघ स्पष्ट दिसत नाही.

५. पाच ते दहा मिनिटं सपाट जागी ठेवा. खाली रंगीत थर, वर पेट्रोल आणि मधे धारदार रेघ दिसली पाहिजे.

६. रेघेचा आकडा वाचा. त्यातून १० वजा करा, ९० ने भागा, १०० ने गुणा.

रेघ १० वरच राहिली तर अल्कोहोल नाही. १९ च्या आसपास गेली तर सुमारे १० टक्के, २८ च्या आसपास गेली तर सुमारे २० टक्के. थोडं इथेनॉल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, म्हणून ही चाचणी जरा कमीच आकडा दाखवते. आहे की नाही, एवढं ठरवायला ती पुरेशी आहे. १२ टक्के की १३, याचा वाद तिच्यावरून घालू नका.

मेथेनॉल असेल तर तेही पाण्यात उतरतं, म्हणजे रेघ त्यानेही वर जाते. एमटीबीई किंवा ईटीबीई यांसारखे ऑक्सिजनयुक्त घटक मात्र या चाचणीत पकडले जात नाहीत. गाडीच्या दृष्टीने त्यात अडचण नाही, फक्त ‘इथेनॉलमुक्त’ म्हणजे ‘निव्वळ पेट्रोल’ असं समजू नका.

चाचणीतलं मिश्रण गटारात ओतू नका आणि टाकीतही नाही. झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून टाकाऊ इंधन घेणाऱ्या वर्कशॉपला द्या.

> थांबा. ही चाचणी बघून अनेकांच्या डोक्यात पुढची कल्पना येते: हेच मोठ्या कॅनमध्ये केलं तर घरीच ई-० तयार! करू नका. मिश्रणासाठीचं मूळ पेट्रोल बहुधा मुद्दाम कमी ऑक्टेनचं बनवतात, कारण इथेनॉल ते वर नेणार हे धरलेलं असतं. पाण्याने इथेनॉल ओढून घेतलं की मागे उरतं ते पेट्रोल ऑक्टेनमध्ये कमी असतं, त्यात सुटे पाण्याचे थेंब असतात आणि बाजूला कित्येक लिटर ज्वलनशील, विषारी पाणी उरतं. ठिणगीचा धोका आहेच.

## टप्पा ४: भरण्याआधी गाडीची नोंद घ्या

साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले आकडे दाखवणारं यंत्र) आणि एक कागद घ्या. इथे घालवलेली वीस मिनिटं पुढचे वीस दिवस वाचवतात.

आधी कारण समजून घेऊ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉलवालं इंधन जास्त लागतं. ई-१० ला साधारण ३ ते ४ टक्के आणि ई-२० ला सुमारे ७ टक्के. ऑक्सिजन सेन्सरच्या निरोपावरून ईसीयू ही वाढ इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून करतं. क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लक्षात ठेवलेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म फ्युएल ट्रिम. अधिक आकडा म्हणजे ईसीयू इंधन वाढवतंय, उणे म्हणजे कमी करतंय.

नोंद अशी घ्या. कूलंटचं तापमान ८० अंशांच्या वर जाऊ द्या. एसी बंद करून दोन मिनिटं आयडलवर दोन्ही ट्रिम लिहा. मग गाडी उभी ठेवूनच २५०० आरपीएमवर एक मिनिट, आणि शेवटी सपाट रस्त्यावर ठरावीक वेगात. चालवताना आकडे शेजारी बसलेल्याने लिहावेत. प्रत्येक वेळी दोन्ही ट्रिमची बेरीज करा, नुसती लाँग टर्म बघून अर्धंच चित्र दिसतं.

बेरीज ±५ मध्ये असेल तर गाडी ठणठणीत आहे. ±१० च्या पुढे असेल तर आधी दुरुस्ती, मग पेट्रोलचा प्रयोग. आकडा कुठे बिघडतो त्यावरून दोष शोधता येतो:

- आयडलवर मोठा अधिक आणि आरपीएम वाढवला की कमी होतो: कुठून तरी हवा चोरून आत शिरतेय. इनटेकची रबरी नळी, व्हॅक्यूमच्या नळ्या, गॅस्केट बघा.
- आयडलवर ठीक, पण जोर लावला की अधिक वाढत जातो: पंप अशक्त झालाय किंवा फिल्टर चोंदलाय.
- सगळीकडे उणे: इंजेक्टर ठिबकतोय, इंधनाचा दाब जास्त आहे किंवा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) नीट बंद होत नाही.

हे आधीच का करायचं? समजा, हवा चोरणारी गाडी ई-२० वर +१५ दाखवत होती. ई-० भरल्यावर गरज सुमारे ७ टक्क्यांनी घटते आणि तीच गाडी +८ वर येते. आयडलिंग जरा सुधारतं, मालक खूश होतो. फुटकी नळी मात्र जिथल्या तिथेच असते. पुढे कधीतरी मिश्रणाचं पेट्रोल भरावं लागलं की आकडा पुन्हा चढतो, तोवर फट वाढलेली असते, पी०१७१ (मिश्रणात इंधन कमी) हा कोड लागून चेक इंजिनचा दिवा पेटतो आणि शिव्या इथेनॉलला बसतात.

> तपासा. इंजिन थंड असताना इंधनाच्या नळ्या, जोड, रेलजवळच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीजवळच्या) ओ-रिंगा आणि टाकीच्या झाकणाचं रबर बघा. मिश्रणात वर्षानुवर्षं फुगलेलं जुनं रबर ई-० वर किंचित आकसू शकतं. आज ओलसर दिसणारा जोड आजच बदला.

## टप्पा ५: टाकी भरा

टाकी पाव भागापर्यंत येऊ द्या. त्याखाली मुद्दाम नेऊ नका. पंप टाकीच्या आतच असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. ‘शेवटचा थेंब संपेपर्यंत’ चालवून तुम्ही पंपाचं आयुष्य खर्च करता, हातात फारसं काही येत नाही.

किती येतं त्याचा हिशेब करू. ४५ लिटरच्या टाकीत १० लिटर ई-२० उरलंय, म्हणजे २ लिटर इथेनॉल. वरून ३५ लिटर ई-० भरलं की टाकीत इथेनॉल ४.४ टक्के राहिलं. पुन्हा १० लिटर उरल्यावर तसंच भरलं की १ टक्का. तिसऱ्या वेळी पाव टक्क्यापेक्षाही कमी. इंजिनासाठी दुसऱ्या टाकीपासूनच ते ई-० आहे.

भरताना नोझल पहिल्यांदा खटकन बंद झालं की थांबा. रक्कम गोल करायला आणखी दोन-चार वेळा दाबलं तर पेट्रोल वाफेच्या नळीतून, वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं. मग पर्ज व्हॉल्व्ह उघडला की ते इंजिनात ओढलं जातं, गाडी पेट्रोल भरल्याभरल्या अडखळत चालू होते आणि ट्रिम खोल उणे जाते. दोष नव्या पेट्रोलला दिला जातो.

एकाच नळीतून अनेक प्रकारचं पेट्रोल देणारं यंत्र असेल, तर नळीत आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं पेट्रोल उरलेलं असतं. पूर्ण टाकीत ते कुठल्या कुठे जातं, पण पाच लिटरच्या कॅनमध्ये त्याने टक्केवारी बदलते. म्हणून आधी गाडीत भरा, मग कॅनमध्ये. कॅन इंधनासाठी बनवलेलाच हवा, तो जमिनीवर ठेवूनच भरा, डिकीत ठेवून कधीच नाही. स्थिर विजेला वाट जमिनीतूनच मिळते. वरती थोडी जागा मोकळी सोडा.

याच वेळी इंजेक्टर क्लीनर, ऑक्टेन बूस्टर, नवे प्लग असं काहीही सोबत करू नका. चार गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

## टप्पा ६: पहिले १५० किलोमीटर

भरल्यावर लगेच २० ते ३० मिनिटं चालवा. थोडं आयडल, थोडी गर्दी, थोडा मोकळा रस्ता. ईसीयू वेगवेगळ्या भारांवर वेगवेगळं शिकतं, नुसत्या सिग्नल-टू-सिग्नल चालवण्याने हायवेचा कप्पा कोराच राहतो. भरून तशीच रात्रभर उभी केलीत, तर सकाळच्या थंड स्टार्टला ईसीयू जुन्या आठवणीवर इंधन टाकतं आणि ते जरासं जास्त होतं. ई-१० किंवा ई-२० वरून आलात तर त्यात धोका नाही, फार तर पेट्रोलचा वास येईल.

बॅटरी काढून रीसेट करू नका. शिकलेल्या ट्रिमबरोबर थ्रॉटलची आयडलची आठवण आणि उत्सर्जन तपासण्यांची तयारीची नोंदही पुसली जाते. मग गाडीला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि जो ७ टक्क्यांचा फरक ती सेन्सरवरून स्वतःच काही मिनिटांत भरून काढणार होती, त्यासाठी तुम्ही हे केलेलं असतं.

१०० ते १५० किलोमीटरनंतर चौथ्या टप्प्यातली नोंद जशीच्या तशी पुन्हा घ्या. ई-१० वरून आलात तर बेरीज साधारण ३ टक्क्यांनी खाली गेलेली दिसेल. ई-२० वरून आलात तर पहिल्या टाकीवर ५ ते ६ आणि दुसऱ्या टाकीनंतर ७ च्या आसपास. आधी +३ असेल तर आता −२ ते −४. हेच अपेक्षित आहे.

आकडा −१० च्या खाली गेला तर या क्रमाने शोधा. एक, काठोकाठ भरलं होतं का? तसं असेल तर १०० किलोमीटर चालवून पुन्हा बघा. दोन, इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हपासून इनटेककडे जाणारी नळी चिमट्याने क्षणभर दाबा. ट्रिम झटकन शून्याकडे सरकली तर व्हॉल्व्ह गळतोय. तीन, डिपस्टिक काढून हुंगा. तेलाला पेट्रोलचा उग्र वास असेल, तर तेलातली वाफ इनटेकमध्ये जाऊन मिश्रणातलं इंधन वाढवतेय, तेल बदला. चार, इंधनाचा दाब मोजून घ्या. पी०१७२ (मिश्रणात इंधन जास्त) हा कोड या चारपैकी कशानेही लागू शकतो. नुसतं ई-१० किंवा ई-२० सोडून ई-० भरल्याने धडधाकट गाडीला तो लागत नाही.

दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवत तपासायला न्या. लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तापतंय. लगेच बाजूला घ्या.

फ्लेक्स-फ्युएल गाडी (ई-८५ पर्यंतचं कुठलंही मिश्रण चालणारी) असेल तर हा टप्पा जास्त काळजीने. ई-८५ वर शिकलेलं ईसीयू ई-० वर तितकंच इंधन टाकेल, तर ते जवळजवळ दीडपट होतं. काही गाड्यांत इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर असतो. बाकीच्या गाड्या टाकीची पातळी वाढलेली बघून ‘पेट्रोल भरलंय, आता नव्याने शिकू’ असं ठरवतात. म्हणून इग्निशन बंद करूनच भरा आणि एका वेळी निदान अर्धी टाकी भरा. दोन-तीन लिटर टाकले तर पातळीतला फरक कळतच नाही. भरल्यावर निदान पंधरा मिनिटं चालवल्याशिवाय इंजिन बंद करून गाडी उभी करू नका.

## टप्पा ७: अ‍ॅव्हरेज मोजायचं तर असं

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज असतो. टाकी पहिल्या खटक्यापर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पाऊण टाकी चालवा, शक्यतो त्याच यंत्रावर पहिल्या खटक्यापर्यंत पुन्हा भरा. किलोमीटर भागिले लिटर. अशा सलग तीन टाक्या ई-० च्या आणि तीन पूर्वीच्या पेट्रोलच्या. टायरमधली हवा दर वेळी थंड असताना तीच ठेवा.

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२. त्यामुळे ई-१० वरून ई-० वर साधारण ३ टक्के आणि ई-२० वरून ६ ते ७ टक्के वाढ अपेक्षित धरा. ई-२० वर १५ देणारी गाडी ई-० वर १६ च्या आसपास जाईल. कोणी २० म्हणत असेल तर त्याने मोजणी चुकवलीय. एसी, वारा आणि गर्दी मिळून ५ टक्क्यांचा फरक सहज पाडतात, म्हणून एका टाकीवर विश्वास नको.

पैशाचा हिशेब यातूनच निघतो. ई-० हे ई-२० पेक्षा ७ टक्क्यांहून अधिक महाग असेल, तर दर किलोमीटरला तुम्ही जास्तच मोजताय.

## टप्पा ८: उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी

इथेच ई-० ला खरी किंमत आहे, आणि इथेच ‘ई-० मध्ये पाण्याचा त्रास नाही’ हा समज गाडी बंद पाडतो.

ई-१० साधारण १५ अंशांला सुमारे अर्धा टक्का पाणी स्वतःत विरघळवून ठेवतं. ४५ लिटरच्या टाकीत ते २०० मिलीच्या वर जातं. त्याहून जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाला बसतं आणि वरच्या पेट्रोलचं ऑक्टेन उतरतं. ई-० मध्ये असा थर फुटत नाही, कारण ते पाणी जवळजवळ घेतच नाही. तेवढ्याच टाकीत जेमतेम सहा-सात मिली. उरलेलं सगळं सुटं पाणी तळाशी, नेमकं पंप जिथून ओढतो तिथे. धातूची टाकी असेल तर गंज तिथूनच धरतो. आधुनिक बंद टाकीत हवेतलं पाणी फारसं येत नाही. ते येतं खराब झालेल्या झाकणातून किंवा पावसात उघड्या पडलेल्या कॅनमधून. म्हणून झाकणाचं रबर आधी.

क्रम असा: ताजं ई-० घ्या. स्टॅबिलायझर (पेट्रोल नासणं लांबवणारं रसायन) टाकीत आधी घाला, बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच, मग पेट्रोल भरा म्हणजे ते आपोआप मिसळतं. लगेच १० ते १५ मिनिटं चालवा, म्हणजे ते रेल आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. जुन्या झालेल्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून ते ताजं होत नाही, नासणं तेवढं लांबतं. घट्ट बंद डब्यात सावलीत ठेवलेलं ई-० साधारण सहा महिने आणि स्टॅबिलायझरसह वर्षभर धरून चाला. टर्पेंटाइनसारखा आंबूस वास किंवा चहासारखा गडद रंग आला तर ते गाडीत घालू नका.

दर आठवड्याला दोन मिनिटं ‘नुसती चालू करून ठेवणं’ हा उपाय नाही. तेल गरम होत नाही, त्यात पाणी आणि कच्चं पेट्रोल साचत जातं. चालवायची तर २० ते ३० मिनिटं रस्त्यावर, नाहीतर उभीच राहू द्या.

प्लग-इन हायब्रिडची टाकी मात्र भरून ठेवू नका. तिथे पेट्रोल कमी भरून ते वापरात ठेवणं बरं: तिसरा हिस्सा टाकी, ताजं ई-०, आणि महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईल इतका प्रवास पेट्रोलवर. काही गाड्या जुनं पेट्रोल संपवायला इंजिन स्वतःहून सुरू करतात. तो बिघाड समजून वर्कशॉपला धावू नका.

## टप्पा ९: परत मिश्रणाच्या पेट्रोलवर येताना

प्रवासात ई-० मिळालं नाही की हा प्रसंग येतोच. गाडीला ते मिश्रण मान्य असेल तर घाबरण्याचं कारण नाही, फक्त पहिल्यांदा अर्धी टाकी ई-० असतानाच भरा. ट्रिम वर सरकेल, तीही आधीच्याच टक्क्यांनी.

दोन ठिकाणी सावध राहा. वर्षानुवर्षं फक्त ई-० वर चाललेल्या जुन्या टाकीत भिंतींना चिकट थर बसलेला असतो. इथेनॉल तो सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. फिल्टर बाहेरून बदलता येणारा असेल तर पहिल्या दोन टाक्यांनंतर बदला. जोर लावल्यावर ट्रिम चढत गेली तर त्याआधीच.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. ई-० च्या तळाशी कपभर पाणी निवांत बसलेलं असतं आणि पंपाच्या तोंडाच्या जरा खाली राहिलं तर कळतही नाही. त्यावर मिश्रणाचं पेट्रोल पडलं की थोडं पाणी असेल तर इथेनॉल ते विरघळवून जळण्यात घेऊन जातं, पण जास्त असेल तर उलटं होतं: पाणीच इथेनॉल खेचून घेतं आणि तळाचा थर फुगतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होते, नळीतलं चांगलं पेट्रोल संपेपर्यंत मिनिटभर नीट चालते आणि मग धक्के खाऊन बंद पडते. म्हणून सहा महिन्यांहून अधिक उभ्या असलेल्या गाडीत मिश्रण भरण्याआधी वर्कशॉपमधून टाकीच्या तळाचा अर्धा लिटर नमुना काढून घ्या, काचेच्या बरणीत पाच मिनिटं ठेवा आणि खाली रेघ दिसते का ते उजेडासमोर धरून बघा. रेघ दिसली तर टाकी रिकामी करून कोरडी करा, मगच नोझल लावा.